कॅथीड्रल, खड्डा, तलाव आणि पुन्हा कॅथीड्रल

१९६० च्या दशकात ऐन जानेवारीतही मॉस्कोच्या मध्यावर, क्रेमलिनच्या भिंतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, माणसं उघड्यावर पोहत असत. पारा शून्याखाली वीस अंशांवर गेलेला असे. रस्त्यावरून जाणारे लोक फरच्या टोप्या कानांवर ओढून झपझप चालत, आणि पलीकडे गोल तलावातल्या गरम पाण्यात शेकडो लोक निवांत डुंबत. पाण्यावर वाफ इतकी दाट धरायची की हातभर अंतरावरचा माणूसही नीट दिसू नये. तलावाचं नाव 'मस्कवा'. व्यास जवळपास १३० मीटर. सोव्हिएत संघातला हा सर्वांत मोठा उघडा तलाव.

त्याचा गोल आकार कोणी हौसेनं निवडला नव्हता. तिथं आधीच एक गोल पाया घातलेला होता, जगातल्या सर्वांत उंच ठरणार असलेल्या इमारतीचा. ती इमारत कधी उभीच राहिली नाही. आणि तिच्यासाठी जागा मोकळी करायची म्हणून मॉस्कोतलं सर्वांत मोठं कॅथीड्रल सुरुंग लावून उडवून दिलं होतं.

आज त्या जागी तेच कॅथीड्रल पुन्हा दिमाखात उभं आहे. पर्यटक त्याच्या सोनेरी घुमटांचे फोटो काढतात आणि अनेकांना ही वास्तू शंभर-दीडशे वर्षांची जुनी वाटते. प्रत्यक्षात ती २००० साली पूर्ण झाली. रशियाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास समजून घ्यायला जाडजूड ग्रंथ पुष्कळ आहेत, पण व्होल्खोन्का रस्ता आणि मस्कवा नदी यांच्यामधल्या या एका भूखंडावर तो थरांनी साचलेला आहे. झार, क्रांतिकारक, स्तालिन, ख्रुश्चेव, येल्त्सिन, पुतिन अशा प्रत्येकानं इथं आपापली छाप सोडली. इथं काय बांधायचं आणि काय पाडायचं, हे मात्र दर वेळी सरकार नावाच्या एकाच धन्यानं ठरवलं.

नवसाची वास्तू

सुरुवात नेपोलियनपासून होते. १८१२ च्या सप्टेंबरात तो मॉस्कोत शिरला, तेव्हा त्याला शहर मिळालं, पण शरणागती मिळाली नाही. आगीत बहुतेक शहर बेचिराख झालं. महिनाभर वाट पाहून तो परत फिरला आणि थंडी, भूक व रशियन फौजांच्या माऱ्यात त्याच्या महासेनेची धूळधाण उडाली. शेवटचे फ्रेंच सैनिक सरहद्दीपलीकडे गेल्यावर, तेव्हाच्या रशियन कालगणनेनुसार २५ डिसेंबर १८१२ रोजी, झार पहिला अलेक्झांडर यानं जाहीरनामा काढला. देश वाचवल्याबद्दल तारणहार ख्रिस्ताच्या नावानं मॉस्कोत कॅथीड्रल बांधायचं ठरलं.

पहिला आराखडा निवडला गेला तो अलेक्झांडर विटबेर्ग या तरुण चित्रकाराचा. त्याचं वास्तुशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं, पण कल्पनाशक्ती अफाट होती. शरीर, जीव आणि आत्मा यांची प्रतीकं असलेली तीन मंदिरं एकावर एक, त्यातलं खालचं टेकडीच्या पोटात कोरलेलं. जागा ठरली मॉस्कोबाहेरच्या चिमण्यांच्या टेकड्यांवर. १८१७ साली झारच्या उपस्थितीत पायाभरणीही झाली. पण टेकडीची माती भार पेलेना, पैसा वाटेतच झिरपू लागला आणि १८२५ साली झारच मरण पावला. गादीवर आलेल्या पहिल्या निकोलसला असली गूढ स्वप्नं मानवणारी नव्हती. काम थांबलं, अफरातफरीची चौकशी लागली आणि विटबेर्गची रवानगी व्यात्का या दूरच्या गावी झाली. तिथं त्याला दुसरा एक हद्दपार तरुण भेटला, अलेक्सांद्र गेर्त्सेन. रशियन समाजवादाच्या या आद्य विचारवंतानं पुढे आपल्या आठवणींत विटबेर्गवर सहानुभूतीनं लिहिलं, म्हणून तरी त्याचं नाव उरलं.

निकोलसनं मग कॉन्स्तान्तिन तोन या वास्तुविशारदाला बोलावलं. ऑर्थोडॉक्स धर्म, एकतंत्री राजसत्ता आणि राष्ट्रीयत्व ही त्रिसूत्री तेव्हा सरकारनं अधिकृत विचारधारा म्हणून स्वीकारली होती. तोनची शैली तिच्याशी नेमकी जुळणारी होती. पाश्चात्त्य खांब आणि त्रिकोणी दर्शनी भाग बाजूला सारून त्यानं बायझंटाईन आणि जुन्या रशियन चर्चचे कांद्यासारखे घुमट परत आणले. क्रेमलिनचा भव्य राजवाडा त्याचाच. मॉस्को आणि पीटर्सबर्ग यांना जोडणाऱ्या रेल्वेची दोन्ही टोकांची स्थानकंही त्याचीच.

नवी जागा क्रेमलिनच्या जवळ, नदीकाठी होती. तिथं आधीपासून अलेक्सेयेव्हस्की नावाचा जोगिणींचा मठ होता. झारच्या हुकमानं तो पाडला आणि जोगिणींना शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवलं. त्यांच्यातल्या एकीनं या जागेला शाप दिला, इथं डबक्याशिवाय काही टिकणार नाही असं ती म्हणाली, ही दंतकथा मॉस्कोत अजून सांगतात. दंतकथा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. या जागेवरचं पहिलं धर्मस्थळ पाडणारा बोल्शेविक नव्हता, तो ऑर्थोडॉक्स झार होता.

१८३९ साली पायाभरणी झाली आणि काम चव्वेचाळीस वर्षं चाललं. तेवढ्या काळात रशिया क्रिमियाचं युद्ध हरला, १८६१ मध्ये भूदासांना मुक्ती मिळाली, रेल्वे आली आणि १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर बाँबहल्ल्यात मारला गेला. तोन स्वतः त्याच वर्षी गेला. आतल्या भिंती रंगवण्याचं काम सुरिकोव्ह आणि सेमिराद्स्की यांच्यासारख्या नामवंत चित्रकारांनी केलं. खालच्या सज्जात संगमरवरी फलकांवर नेपोलियनविरुद्धच्या लढायांत पडलेल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली होती. साध्या शिपायांची फक्त संख्या.

उद्घाटन १८८३ साली, तिसऱ्या अलेक्झांडरच्या राज्याभिषेकाच्या वर्षी झालं. कॅथीड्रल १०३ मीटर उंच होतं आणि आत सुमारे दहा हजार माणसं मावत. सगळ्यांना ते आवडलं असं मात्र नाही. काम चालू असतानाच युक्रेनी कवी तारास शेव्चेन्को यानं त्याची तुलना सोनेरी शिरोभूषण घातलेल्या लठ्ठ व्यापारीणबाईशी केली होती.

त्याच नवसाशी जोडलेली दुसरी एक कलाकृती मात्र जगभर गेली. चायकोव्हस्कीनं १८८० मध्ये रचलेलं '१८१२' हे वाद्यवृंदसंगीत १८८२ साली मॉस्कोच्या औद्योगिक आणि कला प्रदर्शनात पहिल्यांदा वाजलं. त्यात फ्रेंचांची 'मार्सेय्येझ' हरते आणि झारचं राष्ट्रगीत तोफा-घंटांच्या गजरात जिंकतं. क्रांतीनंतर सोव्हिएत वाद्यवृंदांची पंचाईत झाली, कारण झारचं गीत वाजवणं अशक्य आणि चायकोव्हस्की सोडणंही अशक्य. शेवटी त्या जागी ग्लिंकाच्या एका ऑपेरातलं समूहगान बसवलं गेलं. त्या ऑपेराचं मूळ नाव 'झारसाठी प्राणार्पण'. तेही बदलून 'इव्हान सुसानिन' करण्यात आलं होतं.

चिठ्ठीनं निवडलेला धर्मप्रमुख

१९१७ च्या फेब्रुवारीत झारशाही कोसळली आणि ऑर्थोडॉक्स चर्चला अचानक मोकळा श्वास मिळाला. हे ऐकायला विचित्र वाटेल, कारण झार तर चर्चचा आश्रयदाता. पण पीटर द ग्रेटनं पॅट्रिआर्क हे धर्मप्रमुखाचं पदच बंद केलं होतं आणि चर्चचा कारभार सरकारी खात्यासारखा चालवायला घेतला होता. दोन शतकांनी धर्मपरिषदेनं ते पद पुन्हा सुरू केलं. परिषदेनं मतदानानं तीन उमेदवार निवडले आणि शेवटची निवड देवावर सोडली. नोव्हेंबर १९१७ मध्ये याच कॅथीड्रलमध्ये एका वृद्ध साधूनं पेटीतून चिठ्ठी काढली. नाव निघालं तीखोन यांचं. तिघांत सर्वांत कमी मतं त्यांनाच होती.

पेत्रोग्रादमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. मॉस्कोत त्यांच्या तोफांचे गोळे क्रेमलिनवर पडले होते. पुढच्या जानेवारीत चर्च आणि राज्य वेगळं करणारा हुकूम निघाला, चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली. कॅथीड्रलशेजारी १९१२ साली बसवलेला तिसऱ्या अलेक्झांडरचा अवाढव्य पुतळा १९१८ मध्ये फोडण्यात आला. कॅथीड्रल वाचलं, पण त्याचा खर्च आता भाविकांच्या वर्गणीवर आला.

शिखरावर लेनिन

१९३१ साल उजाडलं तेव्हा स्तालिनची पहिली पंचवार्षिक योजना जोरात होती. शेतकऱ्यांना सामूहिक शेतीत कोंबलं जात होतं, परदेशी यंत्रं विकत घेण्यासाठी धान्य बाहेर पाठवलं जात होतं आणि चर्चच्या घंटा वितळवल्या जात होत्या. सोव्हिएतांसाठी एक भव्य 'प्रासाद' बांधायची कल्पना १९२२ पासून हवेत होती. आता जागा ठरली. उन्हाळ्यात घुमटांवरचं सोनं खरवडून काढायला सुरुवात झाली. संगमरवराचे काही उठावशिल्पपट दोन्स्कोय मठात नेऊन ठेवले, बाकीचा दगड जमेल तिथं वापरला. व्लादिस्लाव मिकोशा या तरुण कॅमेरामनला हे सगळं चित्रित करण्याचं काम मिळालं होतं. ५ डिसेंबर १९३१ रोजी सुरुंग उडाले. पहिल्या स्फोटानं काम पुरं झालं नाही, तीन मीटरहून जाड भिंती तग धरून राहिल्या. मग पुन्हा सुरुंग भरले. ढिगारा उपसायलाच वर्षाहून अधिक काळ लागला.

प्रासादाच्या स्पर्धेत जगभरातून आराखडे आले. ल कॉर्बुझिए, वॉल्टर ग्रोपियस, एरिक मेंडेलसोन अशी आधुनिक वास्तुकलेतली बिनीची नावं त्यात होती. भांडवलशाही जगातल्या या मंडळींना वाटत होतं की नव्या समाजाला नवी वास्तुकला हवी असणार. झालं उलटंच. निवड झाली बोरिस इयोफान यांच्या आराखड्याची, आणि तोही वरून येणाऱ्या सूचनांनुसार वाढत गेला. अंतिम रूपात ती पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी ४१५ मीटरची इमारत होती. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगची उंची तेव्हा ३८१ मीटर. इमारतीच्या माथ्यावर १०० मीटरचा लेनिन, हात पुढे केलेला. मुख्य सभागृहात २१,००० खुर्च्या. मॉस्कोचं हवामान पाहता वर्षातले बरेच दिवस लेनिनचं डोकं ढगांतच राहिलं असतं.

इयोफान नदीपलीकडच्या 'किनाऱ्यावरच्या घरा'त राहत. सोव्हिएत सत्तेच्या वरच्या फळीसाठी त्यांनीच बांधलेली ही प्रचंड वसाहत. स्वतंत्र फ्लॅट, गरम पाणी, दुकान, सिनेमागृह, सगळं एका आवारात. १९३७-३८ च्या दहशतीत रात्रीच्या गाड्या याच आवारात वारंवार येत. मंत्री, सेनापती, जुने क्रांतिकारक एकेक करून नाहीसे झाले. दारांवर लाखेच्या मोहरा लागत, काही दिवसांनी तिथं नवं कुटुंब राहायला येई आणि कधी कधी तेही जाई. लेखक युरी त्रिफोनोव्ह यांचं बालपण याच घरात गेलं, इथं राहत असतानाच त्यांच्या वडिलांना अटक झाली. १९७६ मध्ये त्यांनी त्यावर कादंबरी लिहिली आणि त्या कादंबरीचं शीर्षकच घराचं टोपणनाव झालं.

प्रासादाचा पाया पुरा झाला, पोलादी सांगाडा वर येऊ लागला आणि जून १९४१ मध्ये हिटलरनं आक्रमण केलं. खास या इमारतीसाठी बनवलेलं पोलाद कापून रणगाड्यांना अडवणारे अडसर आणि रेल्वेचे पूल बनवले गेले. जमिनीवर उरला तो खड्डा. जमिनीखाली मात्र प्रासादाचं स्थानक १९३५ पासून तयार होतं, मॉस्को मेट्रोच्या पहिल्याच मार्गावरचं. 'सोव्हिएतांचा प्रासाद' या नावाचं स्थानक बावीस वर्षं चाललं, प्रासाद नसताना. १९५७ मध्ये त्याचं नाव बदलून 'क्रोपोत्किन्स्काया' ठेवलं. म्हणजे जिथं राज्यसंस्थेचा कळस उभा राहायचा होता, तिथल्या स्थानकाला राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्या अराज्यवादी प्रिन्स क्रोपोत्किनचं नाव मिळालं.

जनतेचं गरम पाणी

स्तालिन १९५३ मध्ये गेला. १९५६ च्या विसाव्या पक्ष-अधिवेशनात ख्रुश्चेवनं त्याच्या गुन्ह्यांबद्दल बंद दाराआड भाषण केलं. त्याच्या आधीच्याच वर्षी वास्तुकलेतल्या 'अतिरेका'विरुद्ध सरकारी ठराव झाला होता. खांब, पुतळे, नक्षी बंद. पैसा जाणार तो पाच मजली, सरसकट एका साच्याच्या घरांना. लाखो कुटुंबं एका खोलीत पडदे टांगून राहत होती, त्यांना पहिल्यांदा स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं. सोव्हिएत काळातल्या मोकळ्या गप्पा, सरकारवरचे विनोद, हातानं टाइप केलेल्या बंदी असलेल्या कविता हे सगळं पुढे याच स्वयंपाकघरांत फुललं.

खड्ड्याचं काय करायचं, याचं उत्तरही त्या काळाला शोभेलसं निघालं. द्मित्री चेचुलिन या वास्तुविशारदानं तिथं तलाव आखला आणि १९६० मध्ये तो खुला झाला. बंदिस्त दालनातून पाण्यात उतरायचं आणि पोहतच बाहेर उघड्यावर यायचं, अशी सोय होती. तिकीट परवडणारं होतं. शाळांच्या सहली येत, प्रेमिक येत, म्हातारी माणसं सकाळीच हजेरी लावून जात. शेजारच्या पुश्किन संग्रहालयातले लोक मात्र वैतागलेले असत, कारण तलावाची वाफ चित्रांच्या जिवावर उठेल अशी त्यांना धास्ती होती. शहरात कुजबुज चालायची, की वाफेच्या आडोशानं कोणी चोरून बाप्तिस्मा उरकतात, आणि पवित्र जागेचा सूड म्हणून कोणी तरी पोहणाऱ्यांना खाली ओढतात. 'आधी देऊळ, मग भंगार, आता नुसती लाज' अशा अर्थाची एक यमकबद्ध म्हणही मॉस्कोकरांनी रचली होती.

१९६१ मध्ये अण्णाभाऊ साठे सोव्हिएत संघात गेले तेव्हा हा तलाव नवा कोरा होता आणि युरी गागारिनच्या अंतराळफेरीचं कौतुक ताजं होतं. मुंबईच्या गिरणगावातून आलेल्या या शाहिराला कामगारांचं राज्य डोळ्यांनी पाहायचं होतं, आणि त्यांचं 'माझा रशियाचा प्रवास' त्या काळच्या विश्वासाची साक्ष देतं. त्याच वर्षांत ख्रुश्चेवनं धर्माविरुद्ध नवी मोहीम उघडून हजारो चर्च बंद पाडली होती. पाहुण्यांना ती दिसण्यासारखी नव्हती. अण्णाभाऊंचा अर्धपुतळा सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात बसवला गेला. ज्या राज्याचं गुणगान त्यांनी गायलं होतं ते तोवर तीस वर्षांपूर्वीच नकाशावरून गेलं होतं.

दुसऱ्यांदा पहिला दगड

धर्माचं पुनरागमन गोर्बाचोव्हच्या काळात सुरू झालं. रशियाच्या भूमीत ख्रिस्ती धर्म आल्याला १९८८ साली हजार वर्षं पूर्ण झाली. सरकारनं तो सोहळा रोखला नाही, उलट गोर्बाचोव्ह यांनी पॅट्रिआर्क पीमेन यांची क्रेमलिनमध्ये भेट घेतली. सह्यांच्या मोहिमा, लेखकांची पत्रं आणि जुन्या छायाचित्रांची प्रदर्शनं यांतून कॅथीड्रल पुन्हा बांधा ही मागणी पुढे आली. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ विसर्जित झाला, बाजारभाव मोकळे सुटले, लोकांची आयुष्यभराची बचत काही महिन्यांत कागदाच्या किमतीची झाली. एवढ्या पाण्याला वर्षभर ऊब देणं आता कुणालाच परवडण्यासारखं नव्हतं. तलाव बंद पडला.

७ जानेवारी १९९५, ऑर्थोडॉक्स नाताळ. पॅट्रिआर्क दुसरे अलेक्सी आणि मॉस्कोचे महापौर युरी लुझकोव्ह यांच्या उपस्थितीत नव्या कॅथीड्रलचा पहिला दगड बसला. त्याच आठवड्यात चेचन्याची राजधानी ग्रोझ्नी इथं रशियन रणगाडे रस्त्यांवर जळत होते. देशात शिक्षकांचे आणि खाणकामगारांचे पगार महिनोन् महिने थकलेले होते. एवढ्या गरिबीत एवढा खर्च कशाला, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. लुझकोव्ह यांचं उत्तर कामाच्या वेगातून मिळालं. १९९७ च्या सप्टेंबरात मॉस्कोच्या ८५० व्या वर्धापनदिनी वास्तूचा बाहेरचा भाग तयार होता. पैसा लोकांच्या देणग्यांतून आला, तसा बँका आणि मोठ्या कंपन्यांकडूनही आला. महापौरांची मर्जी राखायची असेल तर देणगी देणं शहाणपणाचं होतं, हे त्या काळच्या मॉस्कोत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

बाहेरून हुबेहूब जुनं दिसणारं हे कॅथीड्रल आतून नव्वदच्या दशकातलं आहे. सांगाडा काँक्रीटचा, जमिनीखाली मोटारींचा तळ, लिफ्ट आणि परिषदांचं आधुनिक सभागृह. जुन्या संगमरवरी शिल्पपटांच्या जागी लुझकोव्ह यांचे लाडके शिल्पकार झुराब त्सेरेतेली यांनी ब्राँझचे पट बसवले. अस्सल पट अजूनही दोन्स्कोय मठाच्या भिंतीत आहेत. त्याच मठाच्या आवारात २००५ मध्ये बोल्शेविकांविरुद्ध लढलेल्या जनरल देनिकिन यांच्या अस्थी परदेशातून आणून पुरल्या, आणि २००८ मध्ये लेखक सोल्झेनित्सिन यांचं दफन झालं.

पूर्ण झालेल्या कॅथीड्रलचा प्रतिष्ठापना सोहळा १९ ऑगस्ट २००० रोजी झाला. आठवडाभरापूर्वी 'कुर्स्क' ही अणुपाणबुडी बॅरेंट्स समुद्राच्या तळाशी गेली होती, आतल्या ११८ जणांपैकी कोणी जिवंत आहे का याची चिंता देशाला लागलेली होती, आणि नवे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांच्यावर सुट्टी सोडून लवकर परतले नाहीत म्हणून टीका होत होती. दुसऱ्या दिवशी याच कॅथीड्रलमध्ये शेवटचा झार दुसरा निकोलस आणि त्याचं कुटुंब यांना संतपद देण्यात आलं. २००७ मध्ये बोरिस येल्त्सिन यांचा अंत्यविधी इथंच झाला. तिसऱ्या अलेक्झांडरनंतर, म्हणजे १८९४ नंतर, रशियाच्या राष्ट्रप्रमुखाला चर्चमधून निरोप मिळण्याची ही पहिलीच वेळ. विरोधाभास असा, की झारचं कुटुंब ज्या इपात्येव्ह घराच्या तळघरात गोळ्या घालून मारलं गेलं, ते घर पॉलिटब्यूरोच्या आदेशावरून १९७७ मध्ये जमीनदोस्त करणारे प्रादेशिक पक्षसचिव येल्त्सिनच होते.

रशियातली धर्माची लाट किती खोल आहे, हा वेगळा प्रश्न. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं २०१४ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, १९९१ साली ३१ टक्के प्रौढ रशियन स्वतःला ऑर्थोडॉक्स म्हणवत होते. २००८ पर्यंत ते प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं. महिन्यातून एकदा तरी चर्चला जाणारे मात्र २ टक्क्यांवरून जेमतेम ७ टक्क्यांवर पोचले. बहुतेकांसाठी ऑर्थोडॉक्स असणं हे साम्यवाद गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत बसवलेलं राष्ट्रीय ओळखपत्र होतं. तरीही श्रद्धेला पोकळ म्हणून निकालात काढता येत नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये ग्रीसच्या मठातून मेरीमातेचा कंबरपट्टा दर्शनासाठी इथं आणला, तेव्हा नदीकाठानं काही किलोमीटर लांब रांग लागली आणि लोक रात्रभर थंडीत उभे राहिले.

एका मिनिटाचं गाणं

त्याच महिन्यांत मॉस्कोत दुसरीही गर्दी जमत होती. डिसेंबर २०११ च्या संसदीय निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा आरोप करत हजारो लोक रस्त्यावर उतरले. मार्च २०१२ मध्ये पुतिन तिसऱ्यांदा अध्यक्षपदासाठी उभे राहणार होते. पॅट्रिआर्क किरिल यांनी त्यांच्या कारकिर्दीची उघड स्तुती केली. २१ फेब्रुवारीला रंगीत टोपड्यांनी चेहरे झाकलेल्या तरुणी कॅथीड्रलच्या वेदीसमोर चढल्या आणि पुतिनविरोधी 'प्रार्थना' ओरडत नाचू लागल्या. मिनिटभरात रखवालदारांनी त्यांना बाहेर काढलं. 'पुसी रायट' या गटातल्या तिघींना ऑगस्टमध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. एकीची पुढे स्थगित झाली, दोघी डिसेंबर २०१३ पर्यंत कैदेत होत्या. भाविकांच्या भावना दुखावणं हा फौजदारी गुन्हा ठरवणारा कायदा २०१३ मध्ये आला. बचावपक्षाचं म्हणणं होतं की गाणं राजकारणावर होतं. न्यायालयानं ते धर्मद्वेषातून केलेली गुंडगिरी मानलं. या वास्तूत धर्म कुठं संपतो आणि राजकारण कुठं सुरू होतं, ही रेघ १८१२ च्या जाहीरनाम्यापासूनच कोणी आखलेली नव्हती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर पूर्ण आक्रमण केलं. दहा-बारा दिवसांत, ६ मार्चला, किरिल यांनी याच कॅथीड्रलमधल्या प्रवचनात युद्धाला नैतिक अर्थ दिला आणि समलिंगी अभिमान-मोर्च्यांना नकार देणाऱ्या, पूर्व युक्रेनमधल्या दोन्बासच्या बचावाची भाषा केली. जवळपास तीनशे धर्मगुरूंनी युद्ध थांबवा अशा आवाहनावर सह्या केल्या होत्या. युद्धासाठी सर्व चर्चमध्ये म्हणायला एक प्रार्थना नेमून दिली गेली. मॉस्कोतल्या एका धर्मगुरूंनी त्यातल्या 'विजया'च्या जागी 'शांती' म्हटलं, त्यांचं धर्मगुरुपद २०२३ मध्ये काढून घेण्यात आलं.

त्याच वर्षी आंद्रेई रुबल्योव्ह यानं पंधराव्या शतकात रंगवलेलं 'त्रिमूर्ती' हे चित्र त्रेत्याकोव्ह संग्रहालयातून कॅथीड्रलमध्ये हलवलं गेलं. सहाशे वर्षांचं हे लाकूड प्रवास आणि बदलती हवा सोसणार नाही, असं संवर्धनतज्ज्ञ सांगत होते. निर्णय अध्यक्षांचा होता. काही काळ ते चित्र इथं राहिलं आणि जून २०२४ मध्ये मॉस्कोबाहेरच्या सेर्गियेव मठात गेलं.

१ मार्च २०२४ रोजी, तुरुंगात मरण पावलेले विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांचा अंत्यविधी शहराच्या आग्नेय टोकाला, मारिनो उपनगरातल्या एका साध्या चर्चमध्ये झाला. पोलीस आणि अडथळे असूनही हजारो लोक आले. जवळपास चार आठवड्यांनी, २७ मार्चला, कॅथीड्रलच्या जमिनीखालच्या सभागृहात किरिल यांच्या अध्यक्षतेखालच्या 'जागतिक रशियन लोकपरिषदे'नं एक दस्तऐवज संमत केला. युक्रेनमधली लष्करी कारवाई हे 'पवित्र युद्ध' आहे, असं त्यात म्हटलं होतं. पहिल्या अलेक्झांडरनं शत्रू सरहद्दीबाहेर गेल्यावर देवाचे आभार मानायला ही वास्तू मागितली होती. इथं लढाई परक्या भूमीवर चालू असतानाच तिला पावित्र्य देण्यात आलं, आणि कारवाई संपल्यावर सगळा युक्रेन रशियाच्या एकट्याच्या प्रभावक्षेत्रात असला पाहिजे, ही मागणीही त्याच दस्तऐवजात घालण्यात आली.